डाव्या बाहीची पट्टी

खटकचिंचोळीच्या चांगुणाबाईकडे मापाची टेप नव्हती, असं कुणी म्हणू नये. होती. नवरा बळीराम उदगीरच्या बाजारातून घेऊन आला होता, पिवळीधमक, आकडे छापलेली. ती खुंटीला लोंबायची आणि तिच्यावर माश्या बसायच्या. चांगुणा माप घ्यायची ते दोरीनंच.

दोरी म्हणजे साधा जाड पांढरा दोरा. एका टोकाला ज्याचं माप त्याच्या जुन्या कपड्याची चिंधी बांधायची, म्हणजे कुणाची दोरी ते कळतं. चिंधीपासून पहिल्या गाठीपर्यंत खांदा, मग छाती, मग उंची, मग उजवा हात, आणि सगळ्यात शेवटी डावा हात. घरातल्या एका आडव्या काठीवर गावातल्या निम्म्या बायका अशा लोंबत असायच्या. कुणी लठ्ठ झाली की एक गाठ सोडून पुढे बांधायची. चांगुणाला लिहिता येत नव्हतं, पण तिनं शिवलेलं कधी उसवायला आलं नाही.

ही विद्या हलीमाबीची. हलीमाबी हैदराबादेकडची, लग्न होऊन चिंचोळीत आली ती जरीकामाची चौकट सोबत घेऊन. चांगुणा मुडबीहून नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला गावातल्या बहुतेक घरांच्या ओट्यापर्यंतच जाता यायचं. हलीमाबीनं तिला हाताला धरून आत नेलं, चौकटीसमोर बसवलं आणि हातात सुई दिली. गळाबंद, गुडघ्याच्या खाली जाणारा, मनगटापर्यंत बाह्यांचा कळीदार कुर्ता, आणि त्याच्यावर जरी नि टिकल्यांची वेल. अंग झाकायचं आणि तरी बघणाऱ्याला वाटावं की काही राहिलंच नाही बघायचं. चांगुणाचा हात असा बसला की भालकीपासून गिऱ्हाईक यायला लागलं.

हलीमाबीनं दोरीसोबत दोरीचे नियमही दिले. दोन्ही हात वेगवेगळे मापायचे, कारण अल्लानं कुणाचे दोन हात सारखे दिलेले नाहीत. मंगनी झालेल्या पोरीला पुन्हा मापायचं नाही, नजर लागते. जुन्या दोरीवरच शिवायचं. आणि माणूस गेलं की त्याची दोरी त्याच्यासोबत मातीत गेली पाहिजे. "माप पिच्छे रह गया तो वो कपडे मंगने आता," हलीमाबी म्हणायची आणि सुईत दोरा ओवायची, बाजारभाव सांगावा इतक्या सहज.

चांगुणाच्या घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. बळीराम सडकेच्या कामावर मुकादम, मोठ्या निष्ठेचा माणूस. धम्म घेतल्यापासून त्यानं घरातून देव काढले, अंगारे काढले, भुतंही काढली. "आपन ते सगळं सोडलंय," असं तो म्हणाला की विषय संपायचा. चांगुणा मान हलवायची. दोरीचा नियम तिनं त्याला कधी सांगितलाच नाही. झाकली मूठ.

त्यांना एकच पोरगी होती, सुमन. लहानपणी चिंचेवरून पडली आणि डावा हात मोडला. हाडवैद्यानं बांधला तो वाकडाच बांधला. हात चालायचा, पण उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड राहिला. पोरीला त्याची लाज. पोलक्याची डावी बाही ती सारखी ओढून खाली घ्यायची, ओढून ओढून शिवण उसवायची, आणि चांगुणा बडबडत पुन्हा घालायची.

हलीमाबीची लेक शमीम सुमनची जीवाभावाची मैत्रीण. एकीच्या ताटात दुसरीचा हात. शमीमला दर ईदला टिकल्यांचा कुर्ता व्हायचा, आणि तो शिवायची सुमनची आई. सुमन शेजारी बसून जमिनीवर सांडलेल्या टिकल्या बोटाच्या ओल्या टोकानं टिपायची आणि म्हणायची, "आई, मला बी एक शिव की गं. लांब बाह्यांचा."

"ते गिऱ्हाइकाचं सामान हाय. आपल्या अंगाला सुती पोलकं बरं."

"एकच."

"न्हाई म्हनलं ना! जा, पानी घिऊन ये."

हे असं कितीदा झालं. शेवटी तर पोरगी मागायचीही थांबली. आणि मग एका आषाढात तिला ताप आला. चारचौघांना येतो तसाच वाटला, पण उतरला नाही. सोळा वर्षांची पोर. माती द्यायला नेताना चांगुणानं बळीरामची नजर चुकवून काठीवरची दोरी काढली, सुमनच्या हिरव्या पोलक्याची चिंधी बांधलेली, आणि पोरीच्या उशाला सरकवली. गाठी बघायचं भान त्या दिवशी कुणाला होतं?

त्यानंतर चांगुणानं टिकल्यांना हात लावला नाही. झंपर, परकर, पोरांच्या चड्ड्या, बस्स. ईदला हलीमाबीनं शमीमसाठी भालकीतून तयार कपडा आणला आणि चांगुणाला काही विचारलं नाही. जुन्या बायकांना विचारू नये ते बरोबर कळतं.

राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं त्या वर्षी शमीमचं लग्न हुमनाबादला ठरलं. हलीमाबी काठी टेकत चांगुणाच्या दारात आली. तिची नजर तोवर फार गेली होती.

"चांगुणा, मेरी आँखां गए. शमीम का कुर्ता तेरेकूच सीना है."

"आपा, मी ते काम सोडलंय."

"मालूम है मेरेकू." हलीमाबी उंबऱ्यावर बसली. "सासरवाले लई सख्त हैं. पहिल्या दिवशी माहेरचा कुर्ता घालून पोरगी सगळ्या बायकांपुढं बसणार. गला बंद होना, मनगट दिसना नक्को. एक बोट दिसलं तर जन्मभर बोलतील. दुसऱ्याच्या हातावर मेरा भरोसा नै."

तिनं गाठोडं सोडलं. आत डाळिंबी रंगाची सॅटीन होती, मोजकीच, आणि एका फडक्यात तिच्या स्वतःच्या लग्नाच्या कुर्त्यावरून उसवलेल्या जुन्या टिकल्या नि जरी. सुमन ज्या टिपायची त्याच जातीच्या. चांगुणाला नाही म्हणायचं होतं. पण ज्या बाईनं हातात सुई दिली तिला नाही कसं म्हणणार?

काठीवर शमीमची दोरी होती, गुलाबी चिंधीची, धुळीनं मळलेली. मंगनी झाली होती, म्हणजे पुन्हा माप घ्यायचं नव्हतं. चांगुणानं धूळ झटकली, दोरी कापडावर ठेवली आणि कात्री चालवली. अंग कापलं, घेराच्या कळ्या कापल्या, बाह्या कापल्या. टाके घातले आणि कुर्ता आढ्याच्या दांडीला अडकवून ती मागे सरकून बघायला लागली.

डावी बाही आखूड होती.

आधी तिला स्वतःचा राग आला. सुमन गेल्यापासून तीन वर्षं हे काम नव्हतं, हाताचं वळण मोडलं म्हणायचं. तिनं बाही काढली, उरलेल्या तुकड्यातून दुसरी कापली, दोरी ताणून ताणून धरली, गाठीवर नखानं खूण केली. लावली. पुन्हा आखूड. दोन बोटं.

मग तिनं खांदे बघितले. शमीम हाडापेरानं थोराड पोरगी, आणि हे खांदे अरुंद, पुढे झुकलेले. या छातीला तिनं किती पोलकी बेतली होती! भर दुपारी, दार उघडं, बाहेर कोंबड्या टिपतायत, आणि आढ्याला डाळिंबी कुर्ता घालून सुमन उभी होती. डोकं नव्हतं, पाय नव्हते, पण अंग तिचं होतं. वारा आला, डावी बाही जराशी हलली.

तिनं माप मातीत घातलं होतं, स्वतःच्या हातानं. तरी ते परत आलं होतं, आणि आलं ते दुसऱ्या पोरीच्या दोरीत शिरून. कशाला आलं ते तिला सांगावं लागलं नाही. जन्मभर एक कुर्ता मागितला होता पोरीनं.

संध्याकाळी बळीराम जेवायला बसला. त्याचं तोंड दांडीकडे होतं. भाकरीचा तुकडा मोडला आणि हात तसाच राहिला.

"ते खाली घे," तो म्हणाला.

"कामून?"

"घे म्हनतो ना."

"तुमाला बी दिसलं व्हय?"

"काय दिसनार? काई न्हाई दिसलं. असलं काई नस्तंय, चांगुणा. आपन ते सोडलंय." ताट अर्धं ठेवून तो उठला आणि अंगणात जाऊन उगीचच खोरं धूत बसला. त्याचे खांदे हलत होते. चांगुणानं त्याच्याकडे पाठ केली, कारण आपण रडताना बायकोनं बघितलेलं त्याला सोसलं नसतं.

पुढचे दिवस तिनं टिकल्या लावल्या. कापड आणखी मिळणार नव्हतं, आणि लग्न तोंडावर आलेलं. सुई चालायची आणि मनात एकच चक्र फिरायचं. मेलेल्या पोरीच्या मापाचा कुर्ता घालून शमीम सासरी बसणार. सुमन तिला काही करणार नाही. का करेल, मैत्रीण ती. पण सोबत हवी म्हणून हात धरला तर? आणि हलीमाबीला सांगावं तर ती कुर्ता जाळेल, कदाचित लग्नच थांबवेल. न सांगावं तर उद्या पोरीला साधी शिंक आली तरी चांगुणाच्या जिवाला घोर. इकडे आड, तिकडे विहीर. तरी मधूनच ती कुर्ता छातीशी धरायची. सुखही व्हायचं तिला, खोटं कशाला बोला. पोरीचं अंग एवढ्या दिवसांनी हाताला लागत होतं.

शेवटी कुर्ता फडक्यात बांधून ती हलीमाबीकडे गेली. शमीम आतल्या खोलीत पिवळ्या कपड्यात बसलेली होती, अंगाला हळद, लग्नाआधीची बसवणूक. हलीमाबी बाहेर पाहुण्यांत. चांगुणानं दार लोटून घेतलं.

पोरगी वाळली होती. डोळ्यांखाली काळं. नवरीच्या तोंडावर असते ती लाली कुठं दिसेना.

"घालून बघ बाई," चांगुणा म्हणाली.

शमीमनं कुर्ता डोक्यातून घातला. खांद्यात अडकला. ओढून ओढून खाली घेतला. उजवी बाही मनगटाशी थांबली, आणि डावी मनगटाच्या बरीच वर राहिली. तिनं त्या उघड्या मनगटाकडे बघितलं आणि मटकन खाली बसली.

"मावशी, ही दोरी सुमनची हाय."

"तुझीच व्हती की गं. गुलाबी चिंधीची."

"चिंधी माझी. दोरी तिची." शमीमच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "आमीच बदलल्या. ती आजारी पडायच्या आधी. तुमी रानात गेलता, तवा आमी काठीवरच्या दोन दोऱ्या काढल्या आन् चिंध्या अदलाबदल केल्या. सुमन म्हनली, आता ईदचा तुझा कुर्ता माझ्या मापाचा हुईल. तुला बसनार न्हाई. मग आईला तो मलाच द्यावा लागंल. लई हसलो आमी, मावशी."

पोरीचं हसू चांगुणाला कानात ऐकू आलं, अगदी खरं, जसं काठीखाली आत्ताच बसलीय.

"मग ती गेली," शमीम म्हणाली. "तुमी दोरी तिच्याजवळ ठिवली असं अम्मीनं सांगितलं. हिरव्या चिंधीची. ती माझी व्हती. माझं माप मातीत गेलं, मावशी. तीन वर्सं झाली. जरा कणकण आली की वाटतंय, बोलवायली. निजले की खांद्यावर माती पडल्यागत हुतंय. कुनाला सांगू? अम्मी मरून गेली असती. आता लग्न करायलेत माझं, आन् मी त्या मानसाच्या घरी जाऊन मरनार."

म्हणजे भूत असं नव्हतंच. दोन पोरींचा खोडसाळपणा होता, एका कुर्त्यापायी. आणि त्या एका कुर्त्याला नाही कुणी म्हटलं होतं? चांगुणाला रडू फुटलं ते शमीमच्याही वर. पण रडून भागणार नव्हतं. एक पोर मातीत गेली होती आणि दुसरी तिच्या डोळ्यांदेखत अर्धी मातीत बसली होती. तिला बाहेर काढणारं दुसरं कुणी नव्हतं.

चांगुणानं कनवटीची दोरी काढली, गुलाबी चिंधीची. आता तिला कळत होतं हातात काय आहे ते. पोरीचे कपडे वाटून टाकले होते. फोटो कधी काढला नव्हता. सुमनचा खांदा, छाती, उंची, दोन्ही हात, या जगात एवढ्याच दोरीत उरले होते. आणि हे तिला कळलं आत्ता, सोडायच्या वेळेला.

"उठ. सरळ हुबी राहा."

"मंगनी झाल्यावर मापत न्हाईत ना?"

"मी मापायले कुठं? तुझं माप तुला परत द्यायले."

तिनं पहिली गाठ दातांनी सैल केली आणि सोडली. दोरी शमीमच्या खांद्यावर ठेवली आणि नवी गाठ मारली, जिवंत पोरीच्या हाडावर. मग छाती. मग उंची. दर वेळी आधी एक सुटायची, मग एक बसायची. शमीम हुंदके आवरून बघत होती. उजवा हात झाला. डाव्या हाताची गाठ घट्ट होती, चांगुणानं स्वतःच मारलेली, पोर पंधराची असताना. ती सुटेना. चांगुणा ती कितीतरी वेळ बोटांत धरून बसली. खरं तर तिला ती सोडायचीच नव्हती. मग शमीमनं आपला हात तिच्या हातावर ठेवला, गरम, हळदीचा, आणि गाठ सुटली.

"हे बघ," चांगुणा म्हणाली, "सगळ्या गाठी तुझ्या. जमिनीत हाय तो नुस्ता दोरा. दोरा कुजला बी आसंल. तुझं माप हितं हाय, माझ्या काठीवर. मी हाय तवर कुनी घेत न्हाई."

शमीमनं मोठा श्वास घेतला, आणि अडकलेल्या कुर्त्याची खांद्याची शिवण टर्रकन गेली. दोघी दचकल्या, आणि मग हसल्या. हसू कसलं, रडण्याचंच दुसरं टोक.

कुर्ता मग चांगुणानं घरी नेऊन उसवला. आधी काढलेली बाही आणि कात्रणं पुरवून काखेत चौकोनी जोड घातले, बाजूला कळ्या वाढवल्या, खांद्यावर जरीची पट्टी टाकून जोड झाकला. बाह्यांच्या टोकाला पट्ट्या लावल्या. उजवीला अरुंद, डावीला रुंद, दुहेरी वेलीची, म्हणजे दोन्ही मनगटं झाकतात. उरलेल्या सगळ्या टिकल्या त्या डाव्या पट्टीवर गेल्या. आतली आखूड बाही तिनं कापली नाही. तशीच राहू दिली, पट्टीच्या आत.

हलीमाबीला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण बोटांना दिसायचं. तिनं कुर्ता मांडीवर घेऊन चाचपला. गळा, कळ्या, बाह्या. डाव्या पट्टीशी थांबली.

"ये चौडी कैको?"

"नवी फॅशन हाय, आपा."

हलीमाबीचं बोट पट्टीच्या आत गेलं, आखूड बाहीच्या शिवणीवर सावकाश फिरलं. ती सुमनला अंगाखांद्यावर खेळवलेली बाई. मग तिनं पट्टी ओढून सरळ केली, जशी पोरीची बाही सरळ करावी तशी.

"अच्छी है," ती म्हणाली. "रहने दे."

शमीम हुमनाबादला गेली. पहिल्या दिवशी तो कुर्ता घालून बसली. मनगट कुणाला दिसलं नाही. सगळ्या बायकांची नजर त्या एका पट्टीवर. सुईण बोलवायची बातमी वर्षाच्या आत आली, आणि पुढे आणखी दोनदा. शमीम मेली नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. हुमनाबादची एक नणंद चिंचोळीला आली आणि म्हणाली, तसाच पायजे, डावी पट्टी रुंद. मग भालकीची एक आली. मग एका शिक्षकाच्या घरची मालतीबाई कॉलेजात जाणाऱ्या लेकीसाठी पंजाबी ड्रेसचं कापड घेऊन आली. तिलाही पट्टी हवी होती, तीही डावीच. भालकीच्या शिंप्यांनी नक्कल केली. का ते कुणाला ठाऊक नव्हतं. फॅशनला कुणी 'का' असं विचारतं काय?

चांगुणानं कुणाला नाही म्हटलं नाही. बाजाराच्या दिवशी ती बसथांब्यावर उभी राहायची तेव्हा अशी एखादी पोरगी दिसायचीच, गळाबंद कुर्त्यातली, पुस्तकं छातीशी धरलेली, रुंद पट्टीची डावी बाही हातानं खाली ओढणारी. पट्टी ताठ असते, वर सरकते, ओढावीच लागते. चांगुणाची बस निघून जायची. बळीराम सोबत असला तर तोही बघायचा.

गिऱ्हाईक आलं की ती अजूनही दोरी घ्यायची. खांदा, छाती, उंची, उजवा हात, डावा हात. मग पट्टीचं कापड पुढ्यात ओढायची, दोरी बाजूला ठेवायची आणि डोळे मिटून कापायची. उजवीपेक्षा दोन बोटं रुंद, ना कमी ना जास्त. तेवढं माप तिला दोरीशिवाय येत होतं.